तुम्ही विचारलंत म्हणून: टँकरवर काम कसं मिळतं?

ट्रक चालवणारी तरुण पोरं भेटली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "टँकरवर लागायचं तर काय करावं लागतं?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "पण भीती नाही वाटत?" पहिल्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यातच आहे. वाटते, आणि ज्याला वाटत नाही त्याला घ्यायला शहाणा गाडीमालक कचरतो.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकतो. जड वाहनाचा परवाना, वैद्यकीय तपासणी, आणि माल पेटणारा, विषारी किंवा अंग जाळणारा असेल तर घातक मालाच्या प्रशिक्षणाचा वेगळा दाखला. नियम देशागणिक बदलतात. युरोपात यासाठी १९५७ साली जिनिव्हाला झालेला 'एडीआर' करार आहे. तिथे मूळ अभ्यासक्रमावर टँकरचा आणखी एक करावा लागतो आणि दाखला पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. मागचे अपघात आणि दंड तर सगळीकडेच बघतात. गाडी पलटी झाल्याची एक जरी नोंद असली तर टँकरचं दार बहुतेक बंदच समजा.

दूध, पाणी, खाद्यतेल यांना घातक मालाचा दाखला लागत नाही, म्हणून नवख्याला "आधी दुधावर चढ" असं सांगतात. यात गंमत अशी, की चालवायला दुधाचा टँकर पेट्रोलच्या टँकरपेक्षा अवघड. पेट्रोलच्या टाकीत कप्पे असतात, मध्ये भोकं पाडलेले आडवे पडदेही असतात. दुधाची टाकी आतून गुळगुळीत लागते, कारण पडद्यांच्या कोपऱ्यात साय धरली तर ती धुऊन निघत नाही. म्हणजे सगळा माल एका दमात पुढे येतो नि मागे जातो.

हे एकदा अंगात भिनलं की अर्धी नोकरी मिळाली म्हणायची. चाचणीला शेजारी बसलेला माणूस तुम्ही गियर किती झोकात टाकता ते बघत नाही, ब्रेकवरचा पाय बघतो. सिग्नलला गाडी थांबते, तुम्ही पाय सैल सोडता, आणि मागून डचमळत आलेला माल टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळतो. गाडी आपोआप हातभर पुढे सरकते. रस्ता ओला असेल तर थेट चौकात. म्हणून थांबल्यावरही पाय दाबूनच ठेवायचा, तो हेलकावा येऊन जाईपर्यंत. वळणावर तर पडदेही कामाचे नाहीत. ते मालाला पुढे-मागे अडवतात, आडवं जाणं अडवत नाहीत. माल बाहेरच्या बाजूला चढतो, गाडीचा तोल तिकडे जातो. वेग वळणात शिरण्याआधी उतरवायचा, वळणात ब्रेक मारून नाही. आणि भरलेल्या गाडीपेक्षा अर्धवट भरलेली वाईट. अर्धी घागर हिंदकळते, तोच प्रकार.

मग अर्धी भरून निघायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. कारण वजन. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास, डिझेल त्याहून थोडं जड, पण तीव्र सल्फ्युरिक आम्ल लिटरला १.८४ किलो. पेट्रोलसाठी बांधलेल्या टाकीत आम्ल काठोकाठ भरलं तर धुरेच बसतील. (आम्लाच्या टाक्या आखूड दिसतात त्या म्हणूनच.)

आणि वजनात बसत असलं तरी गळ्यापर्यंत भरायचं नसतंच. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला हजारात एक भागाइतकं फुगतं. वीस हजार लिटर पहाटे भरून दुपारी पारा दहा अंश चढला, की जवळजवळ दोनशे लिटर जागा जास्त लागते. वर ती सोडलेली असायलाच हवी. द्रवरूप वायूला ती नाही मिळाली तर काय होतं ते ११ जुलै १९७८ ला स्पेनमधल्या लॉस अल्फाकेस इथे दिसलं. मर्यादेपेक्षा काही टन जास्त प्रोपिलीन भरलेला टँकर समुद्रकाठच्या तंबूंच्या वसतीजवळ फुटला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. म्हणून भरण्याच्या ठिकाणी दिलेला आकडा मी मुकाट्याने मान्य करत नाही. पावतीवरचा आकडा, टाकीची क्षमता, मालाची घनता, तिन्ही स्वतः जुळवून बघतो. वेळ जातो, मागची गाडी भोंगा वाजवते. वाजवू दे.

चालवण्याइतकंच काम रिकामं करण्यात असतं, आणि ते नोकरीच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. पेट्रोल पंपावर पोचलं की इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, चाकाला अडण, माणसं लांब, आग विझवायचं नळकांडं हाताशी, आणि पाइपाला हात लावण्याआधी अर्थिंगची तार. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते, आणि वाफ पेटायला एक ठिणगी बास होते. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशाच्या आसपासही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. दिसत नाही, पायाशी असते.

एकदा पंपावरचा माणूस घाईत होता. "दोन नंबरच्या टाकीत सोड, रिकामी आहे." मी टाकीतला माल मोजायची काठी, म्हणजे डिप रॉड, घातला, वर काढून ओली खूण बघितली, तक्त्याशी ताडली. माझ्या कप्प्यातला माल मावेल एवढी जागा नव्हती. तो चिडला, कार्यालयातून फोन आणतो म्हणाला. आणला. मी फोनवरच्या साहेबांनाही तोच आकडा वाचून दाखवला. दुसऱ्या टाकीत माल सोडायचा तर झाकणावरचा रंग नि मालाचं नाव पुन्हा वाचायचं, कारण डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलं तर ते काढायचं कुणी? या धंद्यात "नाही" म्हणता येणं हीच लायकी. मुलाखतीला विचारतातच, "मालक म्हणाला जा आणि तुला गाडी बरोबर वाटत नाही, तर काय करशील?" तिथे "जाईन साहेब" म्हणणाऱ्याला चांगली कंपनी घेत नाही. जी कंपनी तेवढ्यावरच घेते, तिच्याकडे तुम्हीच जाऊ नका.

रिकाम्या टाकीबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. माल उतरला म्हणजे धोका उतरला, असं नसतं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेटते. भरलेल्या टाकीत ती याहून दाट असते, रिकाम्या होत आलेल्या टाकीत हवा शिरून नेमकी त्या मापात येऊ शकते. धुवायला आत उतरणं तर वेगळंच. आत प्राणवायू कमी असला तर नाकाला काही कळत नाही, माणूस नुसता खाली बसतो. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही आतच राहतो. हवा मोजल्याशिवाय, बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय टाकीत डोकंही घालायचं नाही.

आणि गाडी पलटी झालीच तर? जून २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेलं पेट्रोल भरून न्यायला लोक भांडी घेऊन जमले, आग लागली, दोनशेवर माणसं मेली. प्रशिक्षणात हे फार थोडक्यात येतं. चालता येत असेल तर वाऱ्याच्या उलट्या दिशेला सरका, लोकांना मागे हटवा, आणि मदतीला नारिंगी पाटीवरचा चार आकडी क्रमांक सांगा. पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२. तो ऐकला की अग्निशमन दलाला कोणता फेस आणायचा ते कळतं.

पैसा साध्या ट्रकपेक्षा सहसा बरा मिळतो, पण नुसता आकडा ऐकून होकार देऊ नका. पगार फेरीवर की तासावर? भरायला रांगेत उभं राहण्याचा वेळ धरतात का? टाकी धुतो कोण, तुम्ही की धुलाई केंद्र? आधीच्या फेरीला टाकीत काय होतं त्याचा कागद गाडीत मिळतो का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर चहा येण्याआधी उठा.