आमची वाटचाल : चोपड्यातलं मेडिकल आणि त्याचे दोन फ्रिज

नव्वदच्या दशकात चोपड्यात दुकान टाकलं. लायसनसाठी 10 चौरस मीटर जागा लागते, आमची त्याहून फार मोठी नव्हती. औषधविक्रीची लायसन, फॉर्म 20 आणि 21, भिंतीवर, शेजारी फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन आणि कोपऱ्यात एक दरवाजाचा फ्रिज. भागीदार नाना. ते आधी जळगावच्या एका स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) ऑर्डर घेत फिरायचे, त्यामुळे कुठला डॉक्टर कुठल्या कंपनीचं लिहितो हे त्यांना तोंडपाठ. शॉर्टची वही त्यांनीच सुरू केली. रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाचं औषध वहीत लिहायचं आणि संध्याकाळी ऑर्डर द्यायची. आज कॉम्प्युटर स्टॉक दाखवतो, पण मागितलं आणि मिळालं नाही ते तो दाखवत नाही. म्हणून वही अजून आहे.

पुढची बरीच वर्षं धंदा ठीक चालला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग शेजारच्या हॉस्पिटलने आतच स्वतःचं मेडिकल काढलं. आमचा निम्म्याहून अधिक धंदा त्यांच्या चिठ्ठ्यांवर होता. दुःख चिठ्ठ्या गेल्याचं नाही, ज्याचा त्याचा धंदा. दुःख मागे उरलेल्या मालाचं. त्यांनीच लिहिलेले ब्रँड रॅकभर पडले आणि गावात दुसरं कोणी ते लिहीत नव्हतं. ड्रग्ज रूल्सच्या 65 (11अ) नुसार शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या, चिठ्ठीवर एका ब्रँडच्या जागी दुसरा देता येत नाही, सॉल्ट म्हणजे आतलं मूळ औषध तेच असलं तरी नाही. एक्सपायरी परत घेताना कंपन्या मुदत बघतात आणि गोळ्यांचा कापलेला पत्ता (स्ट्रिप) बहुधा घेतच नाहीत. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट यायची तेव्हा यायची, स्टॉकिस्टचं बिल मात्र वेळेवर.

त्यातच समोर बोर्ड लागला, ‘सर्व औषधांवर 20 टक्के सूट’. हिशेब करून बघा. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे नियंत्रित औषधावर किरकोळ दुकानदाराला खरेदीच्या 16 टक्के मार्जिन, बाकीच्यावर साधारण 20. सगळं सुटीत वाटलं तर भाडं, वीज, फार्मासिस्टचा पगार कशातून? जमतं ते असं : खरेदीच्या कित्येक पट एमआरपी छापलेला जेनेरिक ब्रँड पुढे करायचा आणि त्यावर सूट द्यायची, बस. जेनेरिक औषधाला आमचा विरोध नाही, जनऔषधीचा माल स्वस्त आहे आणि लोकांनी घ्यावा. पण गावभर ‘ते मेडिकल लुटतं’ असं बोललं गेलं, ते अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसांत टिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे तापीकाठचे केळीवाले आप्पा. सूट सोडून आमच्याकडे यायचे ते फक्त इन्सुलिनसाठी. आमचा दुसरा फ्रिज त्यांच्यासारख्यांमुळेच आला.

इन्सुलिनमध्ये पहिली गफलत सिरिंजची होते. कुपी बहुतेक वेळा 1 मिलिलिटरला 40 युनिटची, पेनची कार्ट्रिज 100 ची. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे 50 युनिट. माणूस शेतातच पडेल. उलट केलं तर 20 च्या जागी 8 युनिट जातात आणि साखर का उतरत नाही ते कुणाला कळत नाही. म्हणून कुपी किंवा कार्ट्रिज समोर ठेवल्याशिवाय आम्ही सिरिंज देत नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

दुसरी अडचण उन्हाची. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशात ठेवायचं. उघडलेली कुपी 25–30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 44–45 ला टेकतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर. फ्रिज नसेल तर दोन कच्चे माठ घ्यावेत, एकात एक बसणारे. मधल्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओलं गोणपाट. कुपी झाकणाच्या डबीत, पाणी लागू द्यायचं नाही. माठ सावलीत, वारा लागेल तिथे. यात 8 अंश मिळत नाहीत, पण वापरातली कुपी तगते. राखीव कुपी शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये का होईना, पण तिथेच. दुकानातून नेताना बर्फाला चिकटवायची नाही, मध्ये कापड हवं. एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं, दिसायला बरं असलं तरी. दुधाळ इन्सुलिन हलवून फेसाळायचं नसतं, दोन्ही तळहातांत हलकेच फिरवायचं. गाठी राहिल्या तर वापरू नये.

दुकानाच्या फ्रिजचंही तसंच. दारात ऊब लागते आणि मागच्या भिंतीला माल गोठतो, म्हणून दोन्ही जागी औषध नाही. दारात आणि खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, लाइट गेली तर तेवढा वेळ थंडावा धरून राहतो. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत, आकडा दोन वेळा वहीत. डी.फार्म करून नवीन दुकान टाकणाऱ्या पोरांनो, आधी थर्मामीटर घ्या, मग काचेचं फर्निचर. आणि हॉस्पिटलच्या भरवशावर मोठं डिपॉझिट देऊन गाळा घेऊ नका, एवढं ऐकाच.

दुसरं काम इन्हेलरचं. जिनिंगमध्ये रुईत काम करणारे धाप लागली म्हणून येतात. रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल, हातात दिली की कित्येक जण ती गोळी समजून गिळतात. म्हणून पहिली कॅप्सूल इथेच घालून दाखवतो. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोही यंत्रात नाही. मग ओठ घट्ट लावून जोरात आत ओढायचा आणि 10 आकडे मोजेपर्यंत धरायचा. दाबायच्या पंपाला याच्या उलट, सावकाश ओढायचं. पोराला आणि म्हाताऱ्याला स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी. स्टेरॉइडवालं असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि माणूस औषधच बंद करतो.

ओआरएसचं मोठं पाकीट 20.5 ग्रॅमचं, ते पूर्ण 1 लिटर पाण्यात आणि 24 तासांत संपवायचं. ग्लासभर पाण्यात पाव पाकीट अंदाजाने टाकलं की क्षार कमी-जास्त होतात. लहान पोराला जुलाब असतील तर सोबत झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी. कोरडं सायरप, म्हणजे बाटलीत पावडर असलेलं औषध, उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरायचं. आधी निम्मं पाणी, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग उरलेलं. गरम पाण्याने अँटिबायोटिक खराब होतं.

सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना चिठ्ठी वाचता येत नाही. त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो, जेवणाआधी असेल तर रिकामं ताट. पत्ता कापताना एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत राखायची, हे शिकायला तर कॉलेजही लागत नाही. टीबीची औषधं शेड्यूल एच1 मध्ये येतात, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला चढवायचं आणि ते 3 वर्षं सांभाळायचं. कंटाळवाणं काम आहे, पण मधेच न्यायला येणं थांबलेला पेशंट त्याच रजिस्टरमधून सापडतो. नाव दिसलं की फोन करतो.

नाना आता दुकानात बसत नाहीत. समोरचा बोर्ड अजून आहे, अक्षरं फिकी झालीत. इन्हेलरची बिलं शेजारच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये फाटतात आणि ‘कसं ओढायचं ते बाजूला विचारा’ म्हणून पेशंट इकडे पाठवतात. आम्ही दाखवतो. पण येताना यंत्र आणि कॅप्सूल दोन्ही घेऊन या, नुसती चिठ्ठी नको. आणि दुपारी 2 ते 4 येऊ नका, तेव्हा ऑर्डरचा माल उतरतो.