आज्जीच्या छल्ल्याची तार

दोऱ्याचं क्रोशे येत असेल तर तारेच्या क्रोशेवर हात बसायला फार वेळ लागत नाही. सरावाला पुण्यातल्या तपकीर गल्लीत मोटर वाइंडिंगची तांब्याची तार वजनावर मिळते. मला छळलं ते चांदीच्या तारेनं.

मला आज्जीच्या कमरेचा चांदीचा छल्ला वितळवून त्याचीच तार हवी होती. तिच्यात आज्जीच्या शालूच्या काठाचे तुकडे गुंफून गळ्यातलं करायचं, हे डोक्यात पक्कं होतं. पेठेतल्या एका कारखान्यात गेले. काउंटरवरच्या काकांनी छल्ला काट्यावर टाकला आणि म्हणाले, "ताई, एवढ्याच वजनाची तयार तार घेऊन जा. चांदी ती चांदी." मी नाही म्हटलं, तेव्हा नाखुशीनं ठेवून घेतला. मग "मालक येऊ देत", मग "भट्टी बंद आहे", मग "सोमवारी फोन करा". सोमवारी फोन कुणी उचलेना. तशीच जाऊन धडकले, तर छल्ला इतरांच्या मोडीबरोबर एका पुडीत! शुद्ध करायला सगळ्यांची मोड एकत्र पाठवतात म्हणे. मग माझ्या आज्जीची चांदी त्यातून कोण निवडून देणार होतं? पुडी तिथंच उघडायला लावली आणि छल्ला परत घेतला. अजून आठवलं तरी डोकं तापतं. तुम्ही काही ठेवून येणार असाल तर वजनासकट फोटो काढा आणि "हीच चांदी परत" असं पावतीवर लिहून घ्या.

काम केलं ते शेजारच्या गल्लीतल्या बंगाली कारागिरानं. त्यानं आधी डाख (सांधायचा मिश्रधातू) लावलेले जोड कापून बाजूला काढले, कारण डाखातलं जस्त मिसळलं तर तार ओढताना तुटते. उरलेली चांदी टाकणखार टाकून मुशीत माझ्यासमोर वितळवली. छल्ल्यावरचा मोर आधी पायांकडून खचला, मग मान कलली. मग त्या चांदीची काडी ओतून पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढत, मधूनमधून तापवून नरम करत, ०.३ मिलिमीटरवर आणली.

जाडी नेहमी मिलिमीटरमध्येच सांगा. २८ गेज म्हणजे ब्रिटिश तक्त्यात ०.३७६ आणि अमेरिकन तक्त्यात ०.३२. ०.३ ची तार मीटरला साधारण पाऊण ग्रॅम भरते, म्हणजे २० ग्रॅममध्ये २७ मीटरच्या आसपास. नक्षी त्या हिशेबानंच ठरवा. टाके सैल घाला आणि शक्यतो उसवू नका. वाकलेल्या जागी तार कडक होते आणि पुन्हा वाकवली की तिथंच तुटते.

गळ्यातलं मनासारखं झालं, आणि त्यात दुसऱ्या कुणाची गुंजभरही चांदी नाही.

हो, टोकाच्या कड्या आणि हूक काठ गुंफण्याआधीच जोडून घ्या. डाखाच्या आचेनं रेशीम जळतं.