तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तक मीच का काढलं

दारव्ह्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत मला एकच प्रश्न येतो. "बाई, मलेही पुस्तक काढाचं आहे. तुमी कसं काढलं? किती लागले? आन् प्रकाशक काहून नाही पायला?" विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. आतापर्यंत कुणाला मी नुसता आकडा सांगितला, कुणाला "मग बोलू" म्हणून टाळलं. शेवटच्या प्रश्नात जे न बोललेलं असतं, ते मला ऐकू येतं, म्हणून टाळलं. एकदा सगळं सांगते.

माझ्या वऱ्हाडी बोलीतल्या कथांच्या पुस्तकासाठी प्रकाशक पाहिले होते. तीन. एकाने दोन वर्षं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने कळवलं, बोली जरा कमी करा, मग बघू. तिसरा हो म्हणाला, पण तीनशे प्रती मीच छापील किमतीला विकत घ्यायच्या. तीनशे प्रतींचे पैसे मीच भरायचे, त्या मीच विकायच्या, तर त्याने काय करायचं होतं, हे मी त्यालाही विचारलं. फोन ठेवला त्याने.

मग मी २०२२ च्या दिवाळीनंतर स्वतः छापलं. डेमी म्हणजे नेहमीच्या कथापुस्तकाचा आकार, १४४ पानं म्हणजे सोळा पानांचे नऊ फर्मे, ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांना वापरतात तो साधा कागद, ५०० प्रती. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी धरून ४१,००० रुपये. एक प्रत ८२ रुपयांना पडली, किंमत २०० ठेवली. दोनशेतले एकशे अठरा सुटले असं समजू नका. विक्रेता ४५ टक्के कापून घेतो, पुस्तकं पोचवायचं भाडं आपलं, आणि पैसे वर्षाने येतात.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मला एकाने तीन हजार सांगितले होते. आपल्या देशात तो क्रमांक फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानेही करता येतो. आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे आधी पाठवा. मी पाठवलं नाही. मला घाई होती. त्या घाईबद्दलच पुढे सांगायचं आहे.

जानेवारी २०२३. शाळेच्या व्हरांड्यात प्रकाशन. सरपंच होते, बचत गटाच्या बाया होत्या, शेजारच्या तांड्यावरून माझे दोन जुने विद्यार्थी आले होते. पाहुण्यांनी रिबीन सोडली. मी ठरवलं होतं की भाषणं नकोत, आठवीतल्या मुलीने पहिल्या कथेचा पहिला परिच्छेद वाचायचा. वाचन चांगलं होतं तिचं. उभी राहिली, आणि पहिल्याच ओळीत अडखळली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, वाच. तिने वाचलं, "शेतकयाच्या घरात…" पुन्हा थांबली. मागून एक म्हातारा म्हणाला, "शेतकया? हा कोन व्हय बापा?" काही जण हसले. पोरगी रडवेली झाली, म्हणाली, "बाई, पुस्तकात असंच आहे."

मी पुस्तक हातात घेतलं. शेतकऱ्याच्या जागी शेतकयाच्या. नवऱ्याने जिथे हवं तिथे नवयाने. दुसऱ्याचं दुसयाचं. वऱ्हाडचं वहाड. आणि ज्या कथेचा जीवच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत आहे, तिच्यात पानापानावर पहाटी. "पहाटी वाळली." "पहाटीत निंदन चालू होतं." ज्याला माहीत नाही तो याचा अर्थ पहाटेशी लावेल. एकतीस वर्षं मी पोरांना तो अर्धा र शिकवला. वारा, वाऱ्यावर. दोरा, दोऱ्याने. फळ्यावर य च्या डावीकडे ती छोटी वळणदार खूण काढून दाखवली. माझ्या स्वतःच्या पुस्तकात ती कुठेच नव्हती.

कारण नंतर समजलं. मी कथा मोबाइलवर लिहिल्या, म्हणजे युनिकोड या आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत. शहरातला डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारा, पानं लावायचा जुन्या फॉण्टमध्ये. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना अक्षराला अक्षर जुळवणारा जो तक्ता असतो, त्यात हा अर्धा र नव्हता. जिथे जिथे आला तिथे गळून पडला. मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, फायनल प्रूफावर तुमची सही आहे."

होती. त्याची चूक होती हे मी आजही म्हणते. जो माणूस मराठी पुस्तकं लावून पैसे घेतो त्याला आपल्या तक्त्यात काय गळतं हे माहीत असलंच पाहिजे. पण सही माझी होती. शेवटचं प्रूफ पीडीएफमध्ये आलं, ते मी मोबाइलवर, रात्री, बोटाने सरकवत पाहिलं. डोळ्यांना पाठ असलेलंच डोळे वाचतात. मुद्रितशोधकाने, म्हणजे छापण्याआधी चुका शोधून देणाऱ्याने, पानाला पंधरा रुपये सांगितले होते. १४४ पानांचे २,१६० रुपये. मीच मराठीची शिक्षिका, मला कशाला हवा, म्हणून ते मी वाचवले.

त्या रात्री मोजलं. एका प्रतीत २१४ ठिकाणी. प्रकाशनात वाटलेल्या चाळीस प्रती मी दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन परत मागितल्या. एकतीस मिळाल्या. काही बाया म्हणाल्या, "राहू द्या ना बाई, आमाले समजते." ते ऐकून जास्त लागलं. समजून घ्यायला लावावं म्हणून मी लिहिलं नव्हतं.

आणि काही प्रती परत येण्यासारख्या नव्हत्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, चेन्नई, मुंबई, दिल्लीलाही. प्रकाशक मीच, म्हणून नियम पाळायच्या उत्साहात प्रकाशनाआधीच पाठवून मोकळी झाले होते. देशाच्या ग्रंथालयात माझ्या नावाने शेतकऱ्याचं नाव चुकीचं जमा आहे. नंतर दुरुस्त आवृत्ती पाठवली, पण पहिली तिथून निघणार नाही.

वर्ध्याचं ९६ वं साहित्य संमेलन ३ फेब्रुवारीला सुरू होणार होतं. ग्रंथ प्रदर्शनात तिघा लेखकांनी मिळून एक गाळा घेतला होता, माझे पैसे भरून झाले होते. मी, माझी जाऊ आणि दोन मुली, चौघी बारीक काळे पेन घेऊन बसलो. य च्या आधी, ह च्या आधी, जागा असेल तिथे तो अर्धा र हाताने काढायचा. एका प्रतीला सव्वा तास. अशा साठ प्रती झाल्या. वर्ध्याला प्रत्येकाला मी आधी सांगितलं की छपाईत असं झालं आहे, ही हाताने दुरुस्त केलेली प्रत आहे. अडतीस विकल्या. एक गृहस्थ, बोलण्यावरून प्राध्यापक वाटले, उभ्याउभ्या दोन पानं आवडीने वाचत होते. माझं सांगणं ऐकून त्यांनी पुस्तक मिटवून ठेवलं. "प्रकाशक नसला की असंच होतं," म्हणाले आणि पुढच्या गाळ्यावर गेले.

तुमच्या त्या तिसऱ्या प्रश्नात मला हेच वाक्य ऐकू येतं. त्याला मी मनात किती उत्तरं दिली असतील! मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही चुका असतात. बोली कमी करून आलेलं शुद्ध पुस्तक माझं राहिलं नसतं. पण तेव्हाची मी समोर आली तर तिला मला ही उत्तरं देता येणार नाहीत. प्रकाशकाकडे निदान एक दुसरा माणूस असतो, ज्याने ते पुस्तक लिहिलेलं नसतं. मी त्या माणसाची जागा रिकामी ठेवली आणि तिला स्वातंत्र्य म्हणत राहिले. मग पुन्हा वाटतं, त्या दुसऱ्या माणसाला पऱ्हाटी माहीत असती का? त्याने ती "कपाशी" करून टाकली असती तर मला ते चाललं असतं का? याच्यावर माझं माझ्याशी अजून भांडण आहे.

विक्रीचं विचारता, तर ती समोरासमोर बसूनच झाली. आठवडी बाजारात बियाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर, शाळांच्या स्नेहसंमेलनात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ टाकलं की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. एक कथा स्वतःच्या आवाजात पाठवली तेव्हा मात्र मागण्या आल्या, कारण वऱ्हाडी कानाने आधी कळते. टपालाचं पुस्तकांसाठीचं स्वस्त रजिस्टर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा हातपाय गळाले होते, मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आली. ३०० ग्रॅमपर्यंत मूळ दर २० रुपये, माझं पुस्तक त्यात बसतं. तुमचं बसेल का हे खिडकीवर नियम विचारून घ्या. किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानातही मराठी पुस्तक फुकट चढवता येतं. तिथे युनिकोडच लागतं, म्हणून निदान तिथे माझा अर्धा र जागेवर आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठे विकायचं नाही ही अट असते, नाहीतर ३५ टक्के. माझे वाचक तिथे फार नाहीत. ग्रामीण ग्रंथालयांनी मात्र घेतलं, आपण स्वतः पिशवी घेऊन गेलो तर घेतात.

२०२४ मध्ये ३०० प्रतींची दुरुस्त आवृत्ती काढली. मुद्रितशोधकाला पैसे दिले. पहिल्या आवृत्तीच्या १६० प्रती अजून पलंगाखाली आहेत. रद्दीवाला दोनदा विचारून गेला. देववत नाहीत, विकवतही नाहीत. सवड झाली की एखादी काढून पेन घेऊन बसते.

मागच्या आठवड्यात एक जण कवितांची वही घेऊन आला, तोही माझाच विद्यार्थी. खर्च विचारत होता. मी म्हटलं, आधी छापायच्या फाइलची कागदावर प्रत काढून आण आणि माझ्यासमोर मोठ्याने वाच, सगळी, शेवटच्या पानापर्यंत. मी ऐकते. तो म्हणाला, "बाई, लय वेळ जाईन." मी म्हटलं, जाऊ दे. रविवारी येतो म्हणाला आहे.