हिरवं झालं, पण का?

डेबियन लिनक्ससाठी बांधत असलेल्या पॅकेजची टेस्ट रात्री लाल (नापास) होती, सकाळी तीच हिरवी (पास). मधे कोडचं एक अक्षर बदललेलं नाही. खानापूरच्या दादांना कळवलं तर म्हणाले, "हिरवं झालंय न्हवं? मग लाव की पाठवून." लाल राहिलं असतं तर चार जणांनी कारण विचारलं असतं. हिरव्याला कुणी काही विचारत नाही. सगळी किरकिर आपल्याच वाट्याला का, असं दिवसभर वाटत राहिलं. त्यात पाऊस, लाईटचा खेळखंडोबा. असो.

लॉग परत काढला. शेवटची ओळ कायम एकच रडगाणं गाते: टेस्टची पायरी फसली, मेक (बिल्ड चालवणारं साधन) 2 हा चुकीचा कोड देऊन बाहेर. तिच्यात काही नसतं. वर जाऊन पहिला 'फेल' गाठायचा. तिथे लिहिलेलं: अहवालाची फाइल सापडली नाही. बस, एवढंच.

कधी लाल, कधी हिरवं म्हटलं की संशयित ठरलेले. एकाच वेळी चालणाऱ्या दोन टेस्ट टेंपमधल्या (तात्पुरत्या फोल्डरमधल्या) एकाच नावाच्या फाइलवर भांडतात; म्हणून डेब बिल्ड ऑप्शन्समध्ये, म्हणजे बिल्डच्या सेटिंगमध्ये, पॅरलल=1 देऊन एका वेळी एकच काम चालवून पाहिलं. पायथनमध्ये सेटचा क्रम दर वेळी बदलू शकतो. तो ज्यावर ठरतो तो हॅश सीड 0 वर बांधला. नेटवर्क तोडलं. तरीही हिरवंच. सॉर्टच्या क्रमाची एक वेगळीच भानगड दिसली, ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.28 मध्ये अक्षरांच्या क्रमाचे तक्ते बदलले त्यातली असावी, ती नंतर.

पण मनातून जाईना. लाल टेस्ट निदान काहीतरी सांगते. कारण न सांगता हिरवी झालेली टेस्ट म्हणजे नुसतं "बरं आहे" म्हणणारा पाहुणा.

मग लॉगमधली वेळ बघितली. 00:40. आणि हरवलेल्या फाइलच्या नावात तारीख! टेस्ट आजची तारीख मशीनच्या घड्याळाची घेते, प्रोग्राम मात्र फाइलचं नाव यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) तारखेने ठेवतो. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे 5:30 पर्यंत आपल्याकडे आज आणि तिकडे अजून काल. पॅकेज बांधणारं बिल्ड मशीन यूटीसीवर, म्हणून तिथे कायम हिरवं. लॉस एंजेलिसमध्ये हिवाळ्यात हीच टेस्ट दुपारी 4 नंतर पडली असती, आणि कुणीतरी पहिल्याच दिवशी पकडली असती. आपल्याकडे ती झोपायच्या वेळेत पडते.

खात्रीला फेकटाइम लावलं, म्हणजे प्रोग्रामला खोटी वेळ दाखवणारं साधन. टाइमझोन आशिया/कोलकाता, वेळ 02:15: लाल. 06:00: हिरवं. यूटीसीत दोन्ही वेळा हिरवं. किती बरं वाटलं लाल बघून! (फेकटाइम एलडी प्रीलोडवर, म्हणजे प्रोग्राममध्ये आधी आपली लायब्ररी घुसवून चालतं; स्टॅटिक बायनरी (लायब्ऱ्या पोटातच असलेला प्रोग्राम) किंवा गो भाषेतल्या प्रोग्रामवर त्याची मात्रा चालत नाही. इथे पायथन, म्हणून जमलं.)

आता सोपा उपाय म्हणजे रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते लिहिलेल्या) टेस्टच्या आधी टाइमझोन यूटीसी करून टाकणे. एक ओळ, कायमचं हिरवं. टेस्टच वगळणारं नोचेक लावलं तर तेवढंही नको. पण मग रात्री दोनला निपाणीत बसून अहवाल काढणाऱ्याला कालच्या तारखेची फाइल मिळणारच. चूक टेस्टची नाहीच. तिने बरोबर बोंब मारली होती.

म्हणून पॅच प्रोग्राममध्येच घातला: फाइलचं नाव स्थानिक तारखेने, आतल्या नोंदी यूटीसीत. माथ्यावर डेप-3 ची (पॅचची माहिती लिहायच्या डेबियनच्या पद्धतीची) माहिती, मूळ लेखकांकडे पाठवल्याच्या नोंदीसह. त्यांना यूटीसीच हवं असेल तर टेस्ट बदलावी लागेल; पण टेस्ट आणि प्रोग्राम दोघांनी घड्याळ एकच बघावं, एवढं तरी ठरू दे. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्या आधी हे मिटेल अशी आशा धरायला हरकत नाही.

रूल्समध्ये टेस्ट आता दोनदा चालते: एकदा साधी, एकदा कोलकाता वेळेने 02:15 ला. बिल्ड डिपेंड्समध्ये (बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) फेकटाइम घातलं, नोचेक प्रोफाइलला वगळून. दादा म्हणतील, एवढ्याशा पॅकेजला कशाला हा थाट. म्हणू देत. सॉर्टचं उद्या बघतो, आणि तेही रात्री बाराच्या आत.