आजी, लांडगा आणि चोरीला गेलेली अंगठी

मुलांना जुनं गाव दाखवायला नेलं की पहिल्या दहा मिनिटांत "आई अजून किती चालायचंय" सुरू होतं, हे ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना सांगायला नको. आमची थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा, आणि या उन्हाळ्यात सासूबाई पण इकडे इंग्लंडला आलेल्या, त्यांचे गुडघे हा वेगळाच विषय. म्हणून डिटेक्टिव्ह ट्रेल.

म्हणजे काय, तर एक छोटी पुस्तिका असते (किंवा पीडीएफ, घरी प्रिंट काढायची), त्यात एक केस, सात-आठ संशयित आणि गावाचा नकाशा. गाईड नाही, वेळेचं बंधन नाही, आपलं आपण फिरायचं. दर टप्प्यावर एक कोडं, उत्तर तिथल्याच पाटीवर, भिंतीवर नाहीतर पुतळ्यावर कुठेतरी असतं, ते सापडलं की एक संशयित बाद. शेवटी उरेल तो चोर. पैसे माणसागणिक नाहीत, एका पुस्तिकेत अख्खं घर खेळतं, त्यामुळे म्युझियमच्या चार तिकिटांपेक्षा हे परवडतं.

आमची पहिली ट्रेल दुसऱ्या एका गावात होती, विकतची, आणि ती सातव्या कोड्याला आडवी झाली. कोडं होतं दुकानाच्या पाटीवरचं, आणि दुकान बंद होऊन तिथे नवीन कोणीतरी नवा रंग देऊन बसलेलं. धाकट्याने तिथेच फुटपाथवर बसकण मारली. उत्तरासाठी मेसेज पाठवायची सोय होती म्हणे, पण रेंज नव्हती. घरी येताना ट्रेनमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, हे मी स्वतः करू शकते, आणि कोडी दुकानावर नाही, दगडावर ठेवीन, दगड कुठे पळून जाणारे.

तर गाव निवडलं बेरी सेंट एडमंड्स. सफक काउंटीत आहे, केंब्रिजहून ट्रेनने साधारण पाऊण तास. स्पेलिंग बघून आपण 'बुरी' म्हणतो पण इथले लोक 'बेरी' म्हणतात, आणि हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, बेरी म्हणजे लोणी कढवल्यावर तळाला राहते ती ना? आता गंमत बघा, या गावात खरोखरच बटरमार्केट आहे, म्हणजे लोणीबाजार! त्याला लागून कॉर्नहिल. हा कॉर्न मक्याचा नाही हं, इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे धान्य, तर ही धान्याची पेठ. शिवाय हॅटर स्ट्रीट आहे, स्किनर स्ट्रीट आहे, आपल्याकडे तांबट आळी कासार आळी असते अगदी तसंच. मला संशयित आयते मिळाले: टोपीवाला, कातडीवाला, लोणीवाली, धान्याचा व्यापारी आणि एक आचारी, कारण आता जिला ॲबीगेट स्ट्रीट म्हणतात तिचं जुनं नाव कुक रो.

केस काय ठेवायची यावर मात्र घरात वाद झाला. थोरलीला खून हवा होता. विकतच्या ट्रेलमध्ये खून असतोच बहुतेक, आणि या गावाशी तर खराखुरा खून जोडलेला आहे, रेड बार्नचा खून म्हणून गाजलेलं प्रकरण. त्यातल्या खुन्याला, विल्यम कॉर्डरला, 1828 मध्ये इथेच फाशी झाली आणि त्या प्रकरणाच्या वस्तू कॉर्नहिलवरच्या मॉइझेस हॉल म्युझियममध्ये ठेवल्यात, त्यातली एक इतकी भयानक आहे की मी इथे लिहीत पण नाही. सहा वर्षांच्या पोराला रात्री झोप लागायला हवी असेल तर चोरी ठेवा, असं माझं स्पष्ट मत. म्हणून ठरलं की मठाधिपतींची अंगठी चोरीला गेलीये.

मठ कारण हे गाव मठाचंच. एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा राजा, 869 मध्ये डेन लोकांनी (म्हणजे व्हायकिंगांनी) त्याला मारलं, आणि दंतकथा अशी की त्याचं डोकं कापून जंगलात फेकलं, लोक शोधायला गेले तर आवाज आला "इथे, इथे, इथे", जाऊन बघतात तर एक लांडगा डोकं सांभाळत बसलेला. (हो, मुंडकं छाटलेलं चालतं आणि खून चालत नाही, हे लॉजिक थोरलीने पण विचारलं. गोष्टीतला लांडगा असला की सगळं माफ असतं.) पुढे त्याच्या नावाने मोठा मठ झाला आणि गाव त्या मठाभोवती वाढलं.

स्टेशनवर उतरताच धाकटा लांडगा झाला. कोडं सापडलं की लांडग्यासारखं ओरडायचं "इथेऽऽ", असा नियम त्याने स्वतःच काढला, आणि शनिवार होता, बाजाराचा दिवस (बुधवार-शनिवार बाजार भरतो), त्यामुळे भर बाजारात एक पोरगा इथे इथे करून केकाटतोय आणि मागे आम्ही "अरे हळू, अरे हळू". भाजीवाले हसत होते. बाबागाडी असेल तर मात्र बाजाराच्या दिवशी जाऊ नका, फार गर्दी असते.

पहिलीच दोन कोडी मुलांना येईनात. मला वाटलं मी अवघड काढली की काय. सासूबाई एका बाकावर टेकल्या होत्या, तिथून म्हणाल्या, "अगं वरती बघा की, खाली सगळी दुकानं नवीनच आहेत, जुनं सगळं वरच्या मजल्यावर राहिलंय." आणि खरंच की! खाली मोबाईलचं दुकान, वर वाकलेल्या लाकडाच्या तुळया. मी दोन आठवडे फोटो बघून ट्रेल बनवली आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर चौघं माना वर करून चालायला लागली, दोनदा खांबाला धडकली.

ट्रॅव्हर्स नावाच्या रस्त्याच्या टोकाला नटशेल नावाचा इवलासा पब आहे, साधारण 15 फूट बाय 7 फूट, आणि त्यात एकदा 102 माणसं कोंबली होती म्हणे. छताला एक वाळलेली मांजर टांगलीये, हात लावला तर अपशकुन. पूर्वी वाईट शक्ती येऊ नये म्हणून अशी मेलेली मांजरं भिंतीत चिणायचे. आम्ही दारातूनच डोकावलो. माझ्या ट्रेलमध्ये मांजर साक्षीदार होती, कारण ती काही बोलू शकत नाही म्हणून तिच्याकडून कोणी बाद होत नाही, हा माझा फसवा टप्पा, आणि थोरली त्यात बरोब्बर फसली.

चर्चगेट स्ट्रीटचं कोडं माझं सगळ्यात आवडतं. रस्त्याच्या वरच्या टोकाला उभं राहून समोर बघायचं, बस. समोर नॉर्मन टॉवर, म्हणजे मठात जायचा बाराव्या शतकातला दरवाजा, आणि त्याच्या मागे एकाच रेषेत मठाचं मोठं चर्च होतं. अकराव्या शतकात बॉल्डविन नावाच्या मठाधिपतीने गाव असं काटकोनात आखलं की रस्ता, दरवाजा आणि चर्च एका ओळीत. उत्तर होतं 'सरळ रेषा', म्हणजे वाकडी वाट करून जाणारा टोपीवाला बाद. जरा ओढूनताणून आहे, मान्य, पण मुलांनी मान्य केलं.

मग एंजल हिल नावाचा चौक. तिथे 1935 चा, आतून दिव्याने उजळणारा रस्त्याच्या पाट्यांचा खांब आहे, नाव 'पिलर ऑफ सॉल्ट', तो चक्क संरक्षित वारसा यादीत. धाकट्याने चाटून बघतो म्हणून हट्ट धरला. समोर मठाचा दुसरा दरवाजा, आणि इथे थोरलीने विचारलं की लोकांनी मठातली अंगठी का चोरावी, मोटिव्ह काय? तर मोटिव्ह खरंच होतं. बाजार मठाच्या ताब्यात, कर मठाला, आणि 1327 मध्ये गावकरी इतके चिडले की मठावर चालून गेले, जुना दरवाजा पाडला. हा आत्ताचा त्यानंतरचा, म्हणून तो किल्ल्यासारखा दिसतो. सासूबाई म्हणाल्या, मग बरोबरच केलं की त्यांनी. आमची आजी चोरांच्या पार्टीत.

आत बागेत फुकट जाता येतं, खेळायची जागा आहे, स्वच्छतागृह पण आहे, तेव्हा ट्रेलचा शेवट तिथेच ठेवा, सुरुवातीला ठेवली तर मुलं घसरगुंडीवरून उठत नाहीत. मठ 1539 मध्ये आठव्या हेन्रीने बंद केला, दगड लोकांनी घरांसाठी नेले, आता अवशेष पाण्यात विरघळलेल्या साखरेसारखे दिसतात. चर्चच्या दर्शनी भिंतीच्या पडक्या कमानींत तर घरंच बांधलीत, दारं-खिडक्यांसकट! धाकटा म्हणाला, दगडं इथेच लपवली की. वेदीच्या जागी एक पाटी आहे, किंग जॉनविरुद्ध इथे शपथ घेतली म्हणून सांगतात त्या 25 सरदारांची, नावं मोजायचं शेवटचं कोडं. आजी-नातवाने तीनदा मोजली, 24, 26, आणि मग 25.

दोन तासांची ट्रेल आम्हाला साडेतीन लागली, त्यात एकदा आजीचा चष्मा बाकावर राहिला तो आणायला परत जाणं धरून. तोही लांडग्यानेच शोधला.

अंगठी कोणी चोरली ते लिहीत नाही. माझी मैत्रीण पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन हीच ट्रेल करणारे, आणि ती हे वाचते.