ऑक्सिजन चालू, आकडा 85 वरच

तासगाव पट्ट्यात द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची धांदल असते. त्याच दिवसांत एका संध्याकाळी तिशीतला एक गडी कॅज्युअल्टीत चालत आला. ओठ आणि नखं जांभळट-राखाडी.

"डॉक्टर, बघा की, ओठ कसं काळंनिळं पडल्यात," भाऊ म्हणाला. "ह्यो म्हणतोय, नुसतं डोकं दुखतंय."

पल्स ऑक्सिमीटर लावला: 85. मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला, तरी 85. छाती स्वच्छ, हृदयाचे आवाज ठीक. तेवढ्यात सिस्टरनी काढलेल्या रक्ताची सिरिंज पुढे धरली. रक्त चक्क चॉकलेटी! गॉजवर एक थेंब टाकला, शेजारी दुसऱ्या पेशंटच्या नमुन्यातला. दुसरा हवा लागून लाल झाला. ह्याचा तपकिरीच राहिला.

"दादा, बागेत काय मारताय?"

फुलोऱ्यासाठी आणलेलं नायट्रोबेंझीन कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. दुपारी ह्यानं त्यातलाच घोट घेतला होता.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू. एकावर ऑक्सिजन बसला की बाकीच्यांवर बसणं सोपं होतं, म्हणून फुफ्फुसात ते 97-98 टक्के भरतं. स्नायूंपाशी ऑक्सिजनचा दाब कमी, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता जास्त. तिथं पकड सैल होते आणि विश्रांतीतसुद्धा जवळपास पाव भाग ऑक्सिजन उतरतो. नायट्रोबेंझीनमुळे फेरस लोहाचं फेरिक होतं. फेरिक लोह ऑक्सिजन धरतच नाही. मला त्याहून भयंकर वाटते ती पुढची गोष्ट: त्याच रेणूतले उरलेले चांगले अणू धरलेला ऑक्सिजन सोडेनासे होतात. म्हणजे रक्तात जो काही ऑक्सिजन आहे, तोही पेशींना नीट मिळत नाही. मीटरलाही हे कळत नाही. मीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडून मोजतं, आणि हे बिघडलेलं हिमोग्लोबिन ते दोन्ही जवळपास सारखेच शोषतं, म्हणून आकडा 85 च्या आसपास अडकतो.

उतारा मिथिलीन ब्लू, किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची, म्हणजे रक्तपेशी जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता आहे का, कधी कावीळ होऊन रक्त चढवावं लागलं का, हे आधी विचारून घेतलं. तसं असेल तर ह्याच औषधानं रक्तपेशी फुटतात. इंजेक्शन जाताना आकडा आणखी घसरला आणि भाऊ घाबरून उभाच राहिला. औषधाच्या निळ्या रंगानं मीटर फसतं, हे त्याला समजावलं. तासाभरात ओठांवर लाली आली. पण नायट्रोबेंझीन चरबीत साठतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं. मध्यरात्री ओठ पुन्हा काळवंडले, दुसरा डोस द्यावा लागला.

सकाळी त्याची बायको धावत आली. "डॉक्टर, लघवी हिरवी झाल्या ओ!"

"घाबरू नका वहिनी, औषधाचा रंग आहे. एकदोन दिवसांत जाईल."

मग भावाला विचारलं, ती बाटली कुठाय?

"शेडमधीच हाय."

"आधी घरी फोन लावा आणि ती कुलपात ठेवायला सांगा. पोरं खेळतात तिथं."