आवळल्यासारखं

बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री भाची म्हणाली, "आत्या, मला फार अँग्झायटी येतेय." शेजारी लसूण सोलत बसलेल्या आईने विचारलं, "म्हणजे नेमकं काय होतंय गं?" भाचीने गळ्याखाली हात नेला. "इथे आवळल्यासारखं."

पोरीला लॅटिन येत नाही, पण उत्तर अस्सल लॅटिन होतं. 'अँगेरे' म्हणजे आवळणं, गळा दाबणं. अँग्झायटी त्यातूनच आली. छातीत कळ आली की डॉक्टर ज्याचं नाव घेतात तो अंजायना आणि १८९५ साली फ्रॉइडने ज्यावर लेख लिहिला ती जर्मन 'आंग्स्ट' म्हणजे भीती, ही सगळी एकाच कुळातली. याच कुळात आपलं संस्कृत 'अंहस्' म्हणजे कोंडी, तेही बसतं. ऋग्वेदातले ऋषी देवांकडे या अंहसातून सुटका मागतात आणि ऐसपैस, रुंद जागा मागतात. (वन रूम किचनमध्ये वाढलेल्या मला ही मागणी लगेच पटली.)

मराठीत अंहस् टिकलं नाही, पण अडचण तीच राहिली. संस्कृतात 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळं. आणि त्यातून सुटलो की आपण म्हणतो, "मोकळं वाटलं."

चिंता मात्र वेगळ्या घरची. ती 'चिंत्' म्हणजे विचार करणं यातली, म्हणजे डोक्यातली. माझा जीव जडलाय तो काळजीवर. ती ऐकताना काळीजच आठवतं. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत आणि कवितेत हृदय, पण ते असो. गंमत क्रियापदाची आहे. करायची ती काळजी वेगळी आणि घ्यायची ती वेगळी. "काळजी करू नकोस, काळजी घे," असं आपण एका दमात सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आईने यातलं काहीच ऐकलं नाही. "धाकधूक होतेय म्हण की सरळ," म्हणाली आणि उरलेला लसूण भाचीपुढे सरकवला. दोघी बराच वेळ सोलत बसल्या. घरात आठवड्याचा लसूण झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. चांगला लागला. आई म्हणाली, "जीव भांड्यात पडला बाई!"

भाचीने विचारलं, "आजी, कुठल्या भांड्यात?"